बूच नीट बसलंय ना?

पावसाळ्यातला रविवार, सहा-सात जणांचा ग्रुप आणि इगतपुरीचा प्लॅन. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे एकदा तरी केलेलं असणार. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, एक धक्का बसतो आणि गाडी थळ घाट चढायला लागते. सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर, असा हा चढ. बोगदा आला की ओरडायचं, हा नियम तर पाळायलाच हवा. पण पुढच्या वेळी त्या गोंधळात एक गोष्ट बघा. बॅगेतलं चिप्सचं न फोडलेलं पाकीट मुंबईहून निघताना जसं होतं, तसं इगतपुरीला राहत नाही. ते टम्म फुगलेलं असतं.

कारण अकरावीच्या फिजिक्समधलंच आहे. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. तिथं हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्क्यांनी कमी. बाहेरचा रेटा कमी झाला, की पाकिटातली हवा पसरायला बघते. आता गंमत अशी, की पाच पाकिटांपैकी चार फुगली आणि एक तसंच लुळं राहिलं, तर ते एक आधी खाऊ नका. त्याची कडेची चिकटवण कुठंतरी सुटलेली असणार, हवेची ये-जा होत असणार आणि आतले चिप्स सादळलेले निघणार. म्हणजे तुम्ही सेल्फी काढत होता तेवढ्यात घाटानं पाच पाकिटांच्या सीलची तपासणी करून टाकली.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्या माणसानं उभं आयुष्य याच एका प्रश्नात घालवलं: झाकण नीट बसलंय ना? त्याचं नाव निकोला आपेर. धंद्यानं हलवाई, देश फ्रान्स. हॉस्टेलवर घरून आलेला रसगुल्ल्याचा डबा, आईनं आणून ठेवलेलं कंडेन्स्ड मिल्क, जूननंतरही मिळणारा हापूसचा हवाबंद रस, हे सगळं त्याच्या डोक्यातून निघालं आहे. कोकणात तर त्याच्या शोधाचं नाव रोजच्या बोलण्यात मिसळून गेलंय. डागी, बारकं, पेटीत न बसणारं फळ बागायतदार ‘कॅनिंगला’ घालतो आणि मे महिन्यात ‘कॅनिंगचा दर काय निघाला’ यावर घराघरात हिशेब होतात. त्या दरामागे एक फ्रेंच हलवाई आहे, हे मात्र कुणाच्या गावी नसतं.

आपेरचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९चा, शालाँ-सुर-मार्न या गावातला. हा शँपेनचा प्रदेश. वडील सराई चालवायचे, म्हणजे मुक्कामाची खोली, जेवण आणि वाईन. घरात मुलं पुष्कळ, निकोला त्यातलं नववं. फार शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. तो शिकला ते तळघरात आणि चुलीपुढं. बाटल्या धुणं, भरणं, त्यांना बूच मारणं, बिअर गाळणं, पाक करणं. शँपेनच्या बाटलीत वायूचा दाब इतका असतो, की कच्चं बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. म्हणून त्या बुचाला तारेनं जखडतात. हे त्यानं लहानपणीच बघितलं होतं. पुढं त्याच्या सगळ्या यशाचं मूळ इथं सापडतं, पुस्तकात नाही.

विशीत तो जर्मन भाषक मुलखातल्या एका ड्यूकच्या मुदपाकखान्यात लागला. तिथं आणि नंतर ड्यूकच्या विधवेकडे मिळून बारा-तेरा वर्षं त्यानं मोठ्या लोकांच्या पंगती सांभाळल्या. १७८४मध्ये तो पॅरिसला आला आणि लोंबार रस्त्यावर त्यानं स्वतःचं मिठाईचं दुकान टाकलं.

मिठाईवाल्याला टिकवण्याची विद्या येतेच. आपल्याकडची आजी जे करते तेच तिकडंही होतं. साखरेत घाला, मिठात घाला, व्हिनेगरमध्ये बुडवा, नाहीतर उन्हात वाळवा. मुरांबा, लोणचं, सांडगे, सुकट. पदार्थ टिकतो यात शंका नाही, पण तो तो राहत नाही. कैरीचं लोणचं झकास लागतं, पण त्याला कोणी कैरी म्हणणार नाही. आपेरला खटकलं ते हेच. मटारचा दाणा जानेवारीतही मटारच लागला पाहिजे, खारट गोळी नको. ही हौस म्हणा किंवा हट्ट म्हणा, त्यानं त्याला आयुष्यभर सोडलं नाही.

मध्ये क्रांती आली. १७८९नंतरचं पॅरिस म्हणजे रोज नवा झेंडा. आपेर आपल्या वॉर्डात बऱ्यापैकी सक्रिय कार्यकर्ता होता, पण त्या काळात कालचा कार्यकर्ता आज संशयित ठरायला वेळ लागत नसे. १७९४मध्ये तो पकडला गेला आणि साधारण तीन महिने तुरुंगात राहिला. गिलोटिनची ती वर्षं होती. तो जिवंत सुटला, एवढंच. बाहेर आल्यावर त्यानं राजकारण हळूहळू कमी केलं, दुकान मागं टाकलं, आधी पॅरिसच्या वेशीवरच्या इव्री गावात आणि मग १८०२च्या सुमारास मासी गावात बस्तान हलवलं. मासीला मटार आणि घेवड्याचे वाफे थेट कारखान्याच्या दाराशी. सकाळी तोडलेली शेंग दुपारी बाटलीत.

हो, बाटलीत. पत्र्याचा डबा अजून यायचाय. आपेरची कृती चार ओळीत मावते. पदार्थ बाटलीत भरा. बूच मारा. बाटली उकळत्या पाण्यात ठराविक वेळ ठेवा. वेळ झाली की काढा. वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? पण त्यानं पुढं जे पुस्तक लिहिलं, त्यात या चारपैकी दुसऱ्या पायरीवर तो अडून बसलेला दिसतो. सगळं यश बूच कसं बसलंय त्यावर अवलंबून आहे, हे तो परोपरीनं सांगतो.

आता तो काय काय करायचा ते बघा. एक तर बाटल्या निवडून घ्यायच्या, पातळ किंवा बुडबुडे आलेली काच बाजूला. बूच उत्तम जातीचं, बारीक कणाचं. ते आधी चिमट्यासारख्या हत्यारात दाबून मऊ करायचं, म्हणजे शिरताना आत जाईल आणि गेल्यावर फुलून गळ्याला चिकटेल. मग लाकडी मोगरीनं ठोकायचं, आणि ठोकताना हाताला लागणाऱ्या अडथळ्यावरून ओळखायचं, की हे बसलंय की नुसतं अडकलंय. अगदी सहज आत गेलं तर ते बूच बाद. वर तारेनं जखडायचं. मांसाचे मोठे तुकडे घालायला रुंद तोंडाची बरणी लागे, आणि तेवढं मोठं बूच अख्खं मिळत नसे. म्हणून तो बुचाचे थर माशाच्या सरसानं एकमेकांवर चिकटवून स्वतःच बुचं तयार करायचा. बुचाच्या लाकडात मुळातच बारीक नळ्या असतात, त्या उभ्या राहिल्या तर हवेला आयती वाट. म्हणून थर असे लावायचे, की त्या नळ्या आडव्या पडाव्यात. आणि या सगळ्यावर चुना आणि चीज कालवून केलेला लेप. आपल्याकडं चुन्यात गूळ-बेलफळ घालून वाड्यांच्या भिंती बांधत, त्यातलाच प्रकार म्हणायचा.

प्रत्येक बाटली कापडी पिशवीत घालून पाण्यात सोडायची, म्हणजे एखादी फुटली तर शेजारच्यांना इजा नको. बाहेर काढल्यावर पुन्हा एकेक बाटली हातात घेऊन बघायची, काचेला तडा आहे का, बुचातून पाझरतंय का.

याला आज आपण क्वालिटी कंट्रोल म्हणतो, त्यासाठी वेगळं डिपार्टमेंट असतं, कोट असतो, डोक्यावर जाळीची टोपी असते. त्याच्याकडं हात, डोळे आणि कान होते.

फ्रेंच आरमारानं मासीच्या बाटल्या तपासायला घेतल्या. दूरच्या सफरीवर खलाशांना खारवलेलं मांस आणि किडलेली बिस्किटं यांपलीकडं काही मिळत नसे आणि स्कर्व्हीनं माणसं लढाईपेक्षा जास्त मरत. ब्रेस्ट बंदरात तीन महिने ठेवलेल्या बाटल्या उघडल्या, तेव्हा मटार आणि घेवडा ताज्यासारखा निघाला, मांसही खाण्याजोगं होतं. पॅरिसमधले खवय्येही खूश झाले, हिवाळ्यात हिरवा मटार म्हणजे चैनच होती. पण बाटल्या महाग पडत होत्या आणि आपेरच्या डोक्यावर कर्ज होतं.

इथं एक लोकप्रिय गोष्ट तुम्हाला नेटवर हमखास भेटेल: नेपोलियननं म्हणे सैन्यासाठी अन्न टिकवण्याची स्पर्धा लावली आणि आपेरनं ती जिंकली. गोष्ट छान आहे, पण घडलं ते वेगळं. आपेर बाटल्या आधीपासून विकत होता. त्यानं सरकारकडं मदत मागितली. १८०९मध्ये राष्ट्रीय उद्योगाला उत्तेजन देणाऱ्या संस्थेनं त्याचं काम तपासून अनुकूल अहवाल दिला. मग गृहमंत्रालयानं त्याच्यापुढं दोन पर्याय ठेवले. एक, पेटंट घे आणि कृती स्वतःकडं ठेव. दोन, १२,००० फ्रँक घे, पण कृती छापून सगळ्यांना खुली कर, आणि पुस्तकाच्या २०० प्रती स्वखर्चानं सरकारला दे.

तुम्ही काय निवडलं असतं? डोक्यावर कर्ज, वय साठ, पंधराएक वर्षांची मेहनत. त्यानं दुसरा पर्याय घेतला. १८१०मध्ये पुस्तक आलं. कोणता पदार्थ किती वेळ, बूच कसं मारायचं, लेप कसा करायचा, सगळं त्यात होतं. काही हातचं राखलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनमध्ये पीटर ड्युरँड नावाच्या व्यापाऱ्यानं याच पद्धतीचं पेटंट काढलं. कल्पना परदेशातल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळली, असं त्यानं मान्यही केलं. त्याच्या पेटंटमध्ये बाटलीबरोबर आणखी एक भांडं होतं, कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा डबा. पुढं हे पेटंट ब्रायन डाँकिन या इंजिनिअरच्या मंडळींनी विकत घेतलं आणि १८१३पर्यंत त्यांचे डबे ब्रिटिश आरमाराकडं जायला लागले. पेटंटचे पैसे लंडनमध्ये फिरले, मासीला त्यातलं काही आलं नाही. याला चोरी म्हणावं का? कायद्यानं नाही. पुस्तक उघड्यावर होतं. पण वाचताना घशात अडकतं हे खरं.

डाँकिनच्या कारखान्यात बुचाची जागा डाखानं घेतली. आपल्याकडं पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा, सोबत फुटक्या भांड्याला डाख लावून देणाराही यायचा. तसाच कारागीर तिकडं प्रत्येक डब्याचा जोड हातानं डाखायचा. आत हवा राहिली की नाही, जोड पक्का की नाही, हे कळायचं कसं? त्यांनी साधी युक्ती काढली. भरलेले डबे महिनाभर गरम खोलीत ठेवायचे. जो फुगला तो फेकायचा, जो आत चेपलेला राहिला तो जहाजावर. ही तपासणी अजून निवृत्त झालेली नाही. आजही प्रत्येक बॅचमधले काही डबे उबदार कपाटात ठेवून वाट बघतात. तापमान आता मोजूनमापून असतं, एवढाच फरक.

हे डबे उघडणं हा वेगळाच कार्यक्रम होता. जाड पत्रा, त्यामुळं छिन्नी आणि हातोडा. डबा निघाल्यानंतर चाळीसएक वर्षांनी डबा उघडायचं हत्यार निघालं. बंद करण्यातच सगळ्यांचं डोकं इतकं गुंतलं होतं.

इकडं आपेरवर १८१४मध्ये आभाळ कोसळलं. नेपोलियनचा पाडाव करत परकी फौजा पॅरिसभोवती आल्या आणि मासीच्या कारखान्याची वाताहत झाली. पासष्टाव्या वर्षी माणूस पुन्हा शून्यावर. सरकारनं पॅरिसमध्ये एका जुन्या धर्मादाय वास्तूत त्याला कामापुरती जागा दिली. तिथं त्यानं नव्यानं सुरुवात केली, आणि या खेपेला पत्र्यानं. ज्यांनी आपली कृती उचलली त्यांच्याकडून पत्रा शिकायला त्याला कमीपणा वाटला नाही. बुचाचा एवढा मोठा उस्ताद, पण फुटणारी काच सोडून द्यायची वेळ आलीय हे त्यानं ओळखलं. १८२२मध्ये त्याच उत्तेजन संस्थेनं त्याला ‘मानवजातीचा उपकारकर्ता’ असा किताब दिला. किताबानं घरखर्च भागत नाही.

एक गोष्ट त्याला अखेरपर्यंत कळली नाही: आपण जे करतो ते चालतं का? त्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यानं बाटल्या तपासून सांगितलं, की आतला ऑक्सिजन संपतो म्हणून अन्न कुजत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. खरं उत्तर पाश्चरच्या प्रयोगांनी १८६०च्या दशकात दिलं. अन्न नासवतात ते सूक्ष्मजीव. उष्णता आतल्यांना मारते आणि बंद झाकण बाहेरच्यांना आत येऊ देत नाही. या दोन्ही गोष्टी लागतात. नुसतं उकळून झाकण कच्चं राहिलं, तर उकळणं फुकट. हे कारण माहीत नसतानाही आपेरनं बुचावर सगळा जोर दिला होता, कारण त्यानं नासलेल्या बाटल्या एकेक करून उघडून बघितल्या होत्या.

उष्णतेच्या बाबतीत मात्र त्याची पद्धत अपुरी होती. बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू १०० अंशाच्या पाण्यात तासन् तास तग धरतात. मटार, मांस, मासे अशा आंबट नसलेल्या पदार्थांना १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, म्हणजे दाबाखालची वाफ, म्हणजे थोडक्यात तुमच्या घरचा कुकर. आंब्याचा रस आंबट, त्याचा पीएच ४.६च्या खाली, त्यात हे बीजाणू उगवत नाहीत, म्हणून रसाचं काम उकळत्या पाण्यात भागतं. जाता जाता, आपेरनं मासीऐवजी इगतपुरीला कारखाना काढला असता, तर त्याचं पाणी ९८ अंशांनाच उकळलं असतं आणि त्याची सगळी वेळापत्रकं चुकली असती. उंचावर डबे भरणाऱ्यांना हा हिशेब आजही करावा लागतो.

१ जून १८४१ला मासीमध्ये आपेर वारला. वय ९१. जवळ कुणी नव्हतं, पैसा नव्हता. गावातल्या गरिबांच्या सामायिक खड्ड्यात त्याला पुरलं. त्याची स्वतःची म्हणावी अशी कबर नाही. पुढं १९५५मध्ये फ्रान्सनं त्याच्या नावाचं टपाल तिकीट काढलं, आणि फ्रेंच भाषेत या सगळ्या प्रक्रियेला त्याच्याच नावावरून शब्द आहे.

आणि एक डबा आहे. १८२४मध्ये ध्रुवाकडच्या एका ब्रिटिश सफरीवर वासराच्या भाजलेल्या मांसाचा डबा गेला आणि न उघडता परत आला. आपेर तेव्हा हयात होता, पंचाहत्तरीला टेकलेला. शंभरहून अधिक वर्षांनी, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, शास्त्रज्ञांनी तो फोडला, आतलं मांस प्राण्यांना खाऊ घातलं आणि प्राणी ठणठणीत राहिले. तो जोड कुठल्या डाखणाऱ्यानं मारला, त्याचं नाव कुठं नाही.

आता डाखही गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्याच्या तोंडाशी ‘डबल सीम’ आली. ती समजून घ्यायला लॅब नको, दिवाळीतली करंजी पुरे. करंजीच्या कडेला आई मुरड घालते, दोन पाऱ्या एकात एक दुमडून दाबते. सारण तेलात सांडू नये म्हणून. डब्याचंही तसंच. झाकणाची कड आणि डब्याच्या अंगाची कड, दोन्हींचे आकडे एकमेकांत अडकवायचे. पहिलं चाक कड वळवतं, दुसरं चाक ती चेपतं. पत्र्याचे पाच थर एकावर एक बसतात आणि मधल्या फटीत रबरासारखा मसाला आधीच भरलेला असतो. कोल्ड्रिंकच्या कॅनलाही हेच.

पण करंजीची मुरड सुटली तर तेलात दिसते. डब्याची सुटली तर दिसत नाही. म्हणून तपासणारा माणूस ठराविक वेळानं यंत्राच्या प्रत्येक डोक्याखालचा एकेक डबा उचलतो. एका यंत्राला अशी अनेक डोकी असतात आणि त्यातलं एकच बिघडू शकतं, त्यामुळं एकाच्या भरवशावर बाकीची सोडता येत नाहीत. आधी अंगठा कडेवरून फिरवतो. धार लागते का, कुठं ओठासारखं खाली लोंबलंय का. मग कडेची जाडी आणि उंची मायक्रोमीटरनं. मग कड करवतीनं कापून भिंगाखाली आतले आकडे बघायचे. ते एकमेकांवर किती चढलेत हा खरा प्रश्न. उदाहरणादाखल गणित करा: अंगाचा आकडा २.० मिलिमीटर, झाकणाचा १.९, झाकणाच्या पत्र्याची जाडी ०.२२. यांची बेरीज करून त्यातून कडेची उंची, समजा ३.०, वजा केली की उरतात १.१२ मिलिमीटर. एवढ्याशा मिठीवर डबा उभा असतो. शेवटी झाकणाचा आकडा सोडवून त्यावर सुरकुत्या किती ते बघायचं. सुरकुत्या जास्त म्हणजे चेपणं कमी पडलं. आकडे हुकले की लाइन थांबवायची आणि मागच्या तपासणीपासूनचा सगळा माल अडवून ठेवायचा. हे सांगणारा पोरगा किंवा पोरगी बहुतेक वेळा नुकतीच बीएस्सी किंवा फूड टेक झालेली असते, समोर वयानं दुप्पट सुपरवायझर असतो आणि गेटवर ट्रक उभा असतो.

थांबवलं नाही तर काय होतं? १९६४मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन शहरात टायफॉइडची साथ आली, पाचशेच्या आसपास लोक आजारी पडले. शोध घेत घेत तपास पोचला अर्जेंटिनाहून आलेल्या मांसाच्या एका मोठ्या डब्यापाशी. निष्कर्ष असा निघाला, की कारखान्यात तापवलेले डबे नदीच्या शुद्ध न केलेल्या पाण्यानं गार केले जात होते. गरम डबा गार होताना आत पोकळी तयार होते आणि ती बाहेरचं खेचते. बारीकशी फट असली, की पाण्याचा एखादा थेंब आत. उष्णतेनं आतलं सगळं मेलं होतं, पण जंतू नंतर आले. मग ते मांस दुकानात कापलं गेलं, त्याच यंत्रावर दुसरं मांस कापलं गेलं, आणि साथ पसरली. म्हणून आता गार करायच्या पाण्यात क्लोरीन घालतात, आणि गरम ओल्या डब्यांना कुणी हात लावू नये असा नियम असतो.

तुम्हाला दुकानात करवत नेता येणार नाही, पण हात-डोळे आहेत. रसाचा किंवा रसगुल्ल्याचा डबा घेताना झाकण किंचित आत बसलेलं हवं. दाबल्यावर टक् करून आतबाहेर होत असेल, तर ठेवून द्या. फुगलेला डबा चव घेऊनसुद्धा बघायचा नाही, बोट्युलिझमचं विष चवीला कळत नाही. पोटात चेपलेला डबा बहुधा चालतो, कडेवर चेपलेला नको. कलिंगड वाजवून घेतात तसा डबा वाजवूनही कळतं, कारखान्यात जुनी माणसं लाकडी दांडीनं ठोकून फक्त आवाजावरून बिनपोकळीचा डबा बाजूला काढत. कोल्ड्रिंकच्या कॅनचं उलटं असतं, तिथं दाब आतून बाहेर. त्याची भिंत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी पातळ, ती ताठ राहते गॅसच्या जोरावर. न उघडलेला कॅन हाताला मऊ लागला, तर गॅस कुठून तरी गेलेला आहे.

आणि इगतपुरीहून परत येताना एक करा. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली फलाटावर झाकण घट्ट पिळून बंद करा आणि बॅगेत टाका. घाट उतरून कल्याणला आलात की बाहेर काढा. हवेचा दाब वाढलेला असेल, त्यामुळं बाटली आत चेपलेली दिसायला हवी. नसेल चेपली, तर झाकण बघा.